आबांच्या चाली, ३०० सीडी : कामाच्या नोंदी

२१ जुलै २०२४, रविवार, गुरुपौर्णिमा

तर ठरलं एकदाचं. दरवर्षी गुरुपौर्णिमेला आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, फोटोला हार घालायचा, काकूंनी आबांनी लावलेल्या चालीतले दोन अभंग म्हणायचे, मग सगळ्यांनी "पुढच्या वर्षी हे रेकॉर्ड करून ठेवू" म्हणायचं आणि बासुंदी खाऊन घरी जायचं, हे गेली दहा वर्षं चाललंय. काकू आता ६६ च्या. आबांच्या वहीचा एक कोपरा वाळवीनं खाल्लाय, आणि त्या वहीत स्वर कमी आणि "इथं जरा थांबावे, घाई नको" असल्या सूचनाच जास्त.

सीडीच कशाला, असं माझ्या पोरीनं लगेच विचारलं, यूट्यूबवर टाका की. टाकणारच आहे बाई. पण आमच्या भजनी मंडळाचं ऐकणारी माणसं साठीच्या पुढची, त्यांना देव्हाऱ्यात ठेवायला, लेकीच्या सासरी पाठवायला हातात काहीतरी लागतं. काकूंनी तर सरळ सांगितलं, लिंक नको, वस्तू पाहिजे. दुकानात ठेवून खपेल असला गैरसमज अजिबात नाही, मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ लाच बंद झालं, तिथं आमचं कोण विचारतंय. जे काय जाईल ते देवळात आणि कार्यक्रमात हातोहात.

कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला. त्या दिवशी साताऱ्यात आमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिरात प्रकाशन. पैसे : मंडळाचे ४०,०००, पप्पांचे २०,०००. नोंदी मी ठेवणार, कारण हिशोब मलाच मागणार आहेत.

२८ जुलै

आज नुसते फोन. सीडी दोन तऱ्हेनं होते हे मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं. कारखान्यातली जी असते ती छापलेली सीडी, म्हणजे आधी काचेवर मास्टर, त्यावरून धातूचा साचा, मग पॉलिकार्बोनेटचे दाणे वितळवून त्या साच्यात दाबायचे, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर, वर लॅकर. साच्याचा खर्च एकदाच असतो म्हणून कारखानेवाले १,००० च्या खाली बोलत नाहीत, एक जण ५०० ला तयार झाला पण नगाचा भाव ऐकून मीच गप्प बसलो. दुसरी म्हणजे कोरी सीडी-आर घेऊन लेझरनं जाळायची, १० मिनिटांत एका टॉवरमध्ये (एकदम बऱ्याच सीडी जाळणारं यंत्र) ७-८ निघतात. ही आतल्या रंगाच्या थरावर चालते त्यामुळं उन्हाला कच्ची, एप्रिलात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर गेली समजायची.

सगळे म्हणतात १,००० घ्या, नगामागं स्वस्त पडते. पडते ना. पण आमच्या मंडळानं २००९ साली स्मरणिका १,००० छापलेली, त्यातल्या ६०० अजून सभामंडपाच्या माळ्यावर आहेत, उंदरांनी वाचून काढल्या. ३०० करायच्या. सीडी-आर, पण चांगल्या कंपनीची, वर प्रिंट होणारी. मुंबईचा एक जण प्रिंटसकट ३२ रुपये म्हणतोय.

४ ऑगस्ट

वहीतल्या ११ चाली निवडल्या, मोबाईलवर घड्याळ लावून सगळ्या म्हणून घेतल्या. बेरीज ८६ मिनिटं. सीडीत ८० च्या पुढं काही मावत नाही, हे तिचं ठरलेलं माप, आपण कितीही विनवण्या केल्या तरी. त्यातही जुन्या प्लेअरला ७४ च्या पुढं धाप लागते असं रेकॉर्डिस्ट म्हणतो. म्हणजे दोन अभंग तरी गेले. काकूंची भैरवीच १२ मिनिटांची, तिला हात लावायचा नाही असा दम मिळालाय.

उद्यापासून श्रावण, पखवाजवाले भाऊ सप्त्यांमध्ये अडकणार. त्यांच्याकडून दोन रविवार लिहून घेतले.

११ ऑगस्ट

आजचा दिवस कागदांचा, आणि वाईट.

मला वाटलेलं संतांचे अभंग म्हणजे हक्काबिक्काचा प्रश्नच नाही. शब्दांचा नाही हे बरोबर, जनाबाईंना कोण रॉयल्टी द्यायची. पण चाल ही वेगळी वस्तू आहे. चालीवर ती लावणाऱ्याचा हक्क, तो गेल्यानंतर ६० वर्षं वारसांचा. आबा १९९१ ला गेले म्हणजे २०५१ संपेपर्यंत त्यांच्या चाली पप्पा, थोरली आत्या आणि धाकटी आत्या ह्यांच्या. म्हणून तिघांची लेखी संमती घ्यायची ठरवली. थोरली आत्या कऱ्हाडला असते, ती म्हणाली, "बापाची चाल गायला सही कसली मागतोस रे?" समजावून सांगितलं की तू नाही म्हणणार नाहीस गं, पण उद्या तुझ्या नातवाला वाटलं तर. मग चहा झाला, मग सही झाली. पखवाज, टाळ, कोरस सगळ्यांकडून पण एका पानाचा कागद घेतला, मानधन किती, नाव कसं छापायचं, रेकॉर्डिंग कुठंकुठं वापरणार. हे नंतर घेऊ म्हणलं की राहतं आणि मग भांडणं लागतात. आमच्या ओळखीच्या एका पार्टीत असंच झालं, आता दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला पण जात नाहीत.

वाईट बातमी ही की ११ पैकी ७ नंबरची चाल आबांची नाहीच. मंडळातल्या सगळ्यात जुन्या आजोबांनी पहिल्या ओळीला हात वर केला, "अरं ही रेडिओवरची." शोधलं तर खरंच. जुनी तबकडी, मोठ्या कंपनीची. आबांनी आवडली म्हणून वहीत उतरून घेतली असणार, खाली कुणाची ते लिहिलंच नाही, आणि आम्ही ३० वर्षं ती घरची म्हणून गातोय.

मग रात्री बसून कॉपीराइट कायदा वाचला. कलम ३१सी मध्ये जुनं गाणं परत रेकॉर्ड करायची सोय आहे, मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर ५ कॅलेंडर वर्षं झालेली पाहिजेत, आधी नोटीस द्यायची, कव्हरच्या प्रती आधी पाठवायच्या, रॉयल्टी आगाऊ. इथपर्यंत ठीक. पुढं लिहिलंय की रॉयल्टी दर वर्षाला कमीत कमी ५०,००० प्रतींची. आम्ही काढणार ३००! हक्कवाल्याकडून थेट परवानगी हा दुसरा रस्ता, म्हणून त्या कंपनीला मेल टाकलाय, पण डोळे लावून बसणार नाही. काकूंना अजून सांगितलं नाही, ७ नंबर त्यांचा आवडता.

१८ ऑगस्ट

पुण्यात स्टुडिओ, दिवस पहिला. ११ तास.

आबांचीच पेटी नेलेली, आणि ती आजकालच्या ४४० हर्ट्झच्या मापाला नाही, जराशी चढी. रेकॉर्डिस्टनं मोबाईलचा तंबोरा लावला आणि काकू दोन ओळीत थांबल्या, "कुठंतरी खुपतंय." त्याला काही ऐकू येईना. मग पेटीचा सा मोजला आणि तंबोरा पेटीला जुळवून घेतला तेव्हा काकूंचा चेहरा सैल झाला. पेटी घरून नेणार असाल तर हे आधी मोजून जा, आमचा पाऊण तास ह्यातच गेला आणि स्टुडिओचं मीटर तासाला ७०० नं पळत होतं.

दुसरं म्हणजे एसी. पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक एसीत वाळायला लागली, दर अभंगाला खर्ज बदलतोय. भाऊंनी शेवटी पाण्याची वाटी शेजारी घेतली, दोन अभंगांच्या मधे बोटं बुडवून कणीक मळायची, आणि एसी फक्त मधल्या वेळात. चार टेकमध्ये एसीची घरघर आहेच, ते टेक बाद.

२५ ऑगस्ट

दिवस दुसरा, ११ तास. सगळं झालं. कंपनीचं उत्तर नाही म्हणून ७ नंबर रेकॉर्डच केला नाही. काकूंना गाडीत सांगितलं. शिरवळपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरोबरै. ज्याची त्याला."

उरलेले १० मिळून ७९ मिनिटं, अगदी काठावर. अजून एक ६ मिनिटांचा काढला, ९ अभंग, ७३ मिनिटं. काढलेला यूट्यूबवर जाईल.

१ सप्टेंबर

मिक्सिंग लांबून चाललंय, फाइली येतात, मी ऐकून कळवतो. इथं मी एक गाढवपणा केला तो लिहून ठेवतो. मिक्स व्हॉट्सॲपवर मागवले आणि "टाळ फार चरचरतात" म्हणून तीनदा परत पाठवले. टाळ ठीक होते, व्हॉट्सॲपनं फाइल दाबलेली. वेव्ह फाइल ड्राइव्हवरून घेतली आणि मामेभावाच्या जुन्या वॅगनारमधल्या सीडी प्लेअरवर लावली तर एकदम गोड.

स्टुडिओत सगळं ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला केलंय, सीडीला ४४.१ आणि १६ लागतं. मध्येच कुणी बदलू नये, सगळं उरकल्यावर मास्टरिंगवाल्यानंच (मिक्सवर शेवटचा हात फिरवणारा) एकदा खाली आणायचं आणि १६ बिटला नेताना डिदर, म्हणजे अगदी बारीक खरखर, टाकायचा असं त्यानं बजावलंय. आवाजाचं पण तेच. मंडळातले म्हणतात बाजारातल्या सीडीसारखं दणदणीत करा. केलं असतं, पण मग काकू हळू म्हणतात ती ओळ आणि गजर दोन्ही एकाच उंचीचे होतात. नको म्हणलं. आवाजाचं बटण प्रत्येकाच्या घरी आहे.

१५ सप्टेंबर

गणपतीत काम शून्य. फक्त आयएसआरसी मिळाले. हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षरांचा नंबर, आपल्याकडं आयएमआय (इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना) देते, पण आम्ही जिथून गाणी ॲप्सवर चढवणार त्या वितरकानं फुकट दिले. क्रम महत्त्वाचा : आधी नंबर घ्यायचे, मग मास्टरमध्ये घालायचे, म्हणजे सीडीवर आणि ॲपवर एकच नंबर राहतो. बारकोड घेतला नाही, देवळात कोण स्कॅन करतंय. सीडी टेक्स्टमध्ये (प्लेअरवर दिसणारी नावं) देवनागरी चालतच नाही, नावं रोमनमध्ये टाकली.

२२ सप्टेंबर

पुस्तिका. माझ्या मते आख्ख्या सीडीत पैसे घालायची जागा हीच.

प्लॅस्टिकची डबी नको असं आधीच ठरवलं, पोस्टात फुटते, आतले दात तुटले की सीडी खुळखुळते. ३०० जीएसएम कार्डाचं घडीचं पाकीट, आत १६ पानी पुस्तिका. मधे पिना मारायच्या तर पानं ४ च्या पटीतच येतात, आमचा मजकूर १३ पानांचा, मग आबांच्या वहीची तीन पानं फोटो काढून टाकली, वाळवीच्या भोकांसकट. सगळ्यात सुंदर तीच झालीयेत.

पाकिटावर काय छापायचं हे पण कायद्यात आहे, कलम ५२ए : रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. पप्पा घरचा पत्ता द्यायला तयार नाहीत, "कोणपण येऊन बसंल." शेवटी हक्कदार म्हणून तिघांची नावं आणि पत्ता मंडळाचा, द्वारा.

प्रेसवाला म्हणाला पितृपक्षात या, लग्नपत्रिका नसतात, मोकळा असतो. गेलो तर दिवाळी अंकांचे गठ्ठे छताला लागलेले. मोकळा म्हणे.

५ ऑक्टोबर

स्नेहलनं (मामेबहीण, डिझाइन तिचं) युनिकोड फॉन्टमध्ये सगळं सुरेख लावलेलं. प्रेसच्या कॉम्प्युटरवर जुनं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर), उघडल्या उघडल्या जोडाक्षरांचा चिवडा. प्रेसमधल्या पोरानं आम्हाला मदत म्हणून त्याच्या फॉन्टमध्ये बदलून प्रूफ काढलं आणि "वाऱ्या" चं "वार्या" झालं, "तुझ्या" मधला अर्धा झ कुठंतरी गेला, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. एका पानात १४ चुका मोजल्या. आणि हे सगळं काकू चष्मा लावून वाचणार.

उपाय सोपा होता, सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ द्यायची, मग फॉन्टचा संबंधच राहत नाही. कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया). फक्त कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही म्हणून प्रूफ आधी वाचायचं. वाचलं. मी, स्नेहल, काकू, पप्पा, चौघांनी. कागदाचा नमुना आला, छान आहे. छपाईला सोडलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

मुंबईहून सीडीची नमुना प्रत आली, सोनं वाटून आल्यावर सगळ्यांनी प्लेअरभोवती बसून ऐकली. तिसऱ्या अभंगात शेवटी विठ्ठलनामाचा गजर वर चढतो आणि तो न थांबता चौथ्यात उतरतो, आबांनी ते असंच बांधलंय. नमुन्यात गजर टिपेला गेला आणि एकदम गप. एक, दोन. मग चौथा सुरू. पप्पा म्हणाले लाइट गेली का.

झालं असं की त्यांनी आमच्या वेव्ह फाइली घेऊन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीनं टाकल्या, आणि ते सॉफ्टवेअर सांगितलं नाही तर दर दोन ट्रॅकमध्ये २ सेकंद शांतता घालतं. मास्टरिंगवाल्यानं आधीच डीडीपी दिलेली, म्हणजे कुठून कुठं ट्रॅक, मध्ये किती जागा, आयएसआरसी, सगळं आत असलेला एक फोल्डर, कारखान्यात हाच चालतो. पण इथं टॉवरवाल्याला डीडीपी उघडता येईना आणि त्यानं ते मला न सांगता सुट्या फाइली घेतल्या, ज्या मीच "सोयीसाठी" सोबत ठेवलेल्या. म्हणजे अर्धा दोष माझा. आता मास्टरिंगवाला डीडीपीवरून स्वतः एक मास्टर सीडी एका दमात जाळून देणार, टॉवरनं तीच जशीच्या तशी उतरवायची. सुट्या फाइली ड्राइव्हवरून काढून टाकल्या.

नमुन्याशिवाय ३०० ला हो म्हणलो असतो तर ३०० ठिकाणी लाइट गेली असती.

१८ ऑक्टोबर

दुसरा नमुना. गजर सरळ उतरला. काकू काहीच बोलल्या नाहीत, फक्त मांडीवर ताल धरलेला हात थांबला नाही. कोजागिरीपासून काकडा सुरू झालाय, पहाटे चारला उठून आलेल्या असतात, तरी पूर्ण ७३ मिनिटं बसल्या. वरच्या प्रिंटवर ओलं बोट घासून बघितलं, गडद निळा सुटतोय. फिकट रंग करायला सांगितला. चिकटवायचं गोल स्टिकर एकानं सुचवलेलं, अजिबात नको, कड उचकटली की गाडीच्या प्लेअरमध्ये अडकते आणि मग गाडीवाला आपल्याला शोधत येतो.

अजून एक कळलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची भैरवी अगदी बाहेरच्या कडेला, नेमकं जिथं लोक बोटं लावतात तिथं. पुस्तिकेत "सीडी कडेनं धरा" टाकायला हवं होतं, आता छापून झालं.

३१ ऑक्टोबर

गठ्ठे घरी. पाकिटं, पुस्तिका, सीडी वेगवेगळे आले, भरायचं काम आपलं. सगळे ओळीनं जमिनीवर बसलो, चकल्या आणि सीडी एकाच खोलीत, तेलाचे हात लावेल त्याला बाहेर काढायची जबाबदारी पोरीकडं.

साधारण ८० भरून झाल्यावर टाळवाले दादा आले, पुस्तिका घेतली, उलटली, परत पहिल्यापासून उलटली आणि खाली ठेवली. काहीच म्हणाले नाहीत. त्यांचं नाव नाही. चौघांनी वाचलेल्या प्रूफमध्ये होतं! नंतर मी एक स्वल्पविराम दुरुस्त करायला सांगितला, तो स्नेहलनं कर्व्ह नसलेल्या फाइलमध्ये केला, पण ती फाइल एक आवृत्ती जुनी होती. चार जणांनी वाचलेलं एक आणि छापलेलं दुसरं.

परत छापायला पैसे नाहीत, वेळ त्याहून नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

रबरी शिक्का करून घेतला, १५० रुपये, "टाळ :" आणि पुढं त्यांचं नाव, जांभळी शाई. पान १४ वर पखवाजाच्या खाली बरोबर एक ओळीची जागा आहे. ३०० पुस्तिका, ३०० ठप्पे, वाळत घातल्या तर गच्चीभर पानं फडफडतायत आणि खाली पोरं फटाके उडवतायत म्हणून आत आणल्या. पहिला ठप्पा दादांच्या हातून मारून घेतला. म्हणाले, "माझंच नाव उठून दिसतंय की." खरंच दिसतंय, बाकीची सगळी काळी.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

प्रकाशन. पहिली प्रत विठोबापुढं, दुसरी कऱ्हाडच्या आत्याला. देणगी २०० रुपये. पाकिटाच्या मागं क्यूआर आहे, स्कॅन केला की तेच नऊ अभंग मोबाईलवर. हे शेवटच्या क्षणी सुचलेलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, कारण दर दुसरा माणूस पाकीट हातात घेऊन विचारतो, "हे लावायचं कशात?" आणि तरी घेतो. एका बाई चार घेऊन गेल्या, घरात प्लेअर एक पण नाही, "पुस्तक चांगलंय, अक्षर मोठंय" म्हणाल्या.

आज ११२ गेल्या.

२४ नोव्हेंबर

हिशोब मंडळात वाचला. स्टुडिओ २२ तास १५,४००, मिक्सिंग-मास्टरिंग १२,०००, मानधन ९,०००, सीडी ३०० नग ९,६००, पाकीट आणि पुस्तिका ११,४००, प्रवास-जेवण-शिक्का ४,०००. एकूण ६१,४००, म्हणजे १,४०० माझ्या खिशातून. आत्तापर्यंत १८७ गेल्या, त्यातल्या १६१ पैसे देऊन, ३२,२०० जमा. तीन परत आल्या, दोन अडकतात म्हणून बदलून दिल्या, तिसरी मी लावली तर व्यवस्थित, त्यांचा प्लेअरच गेलेला. डीडीपी, वेव्ह फाइली आणि वहीचे फोटो दोन हार्ड डिस्कवर, एक आमच्याकडं एक स्नेहलकडं. कंपनीचं उत्तर अजून नाही.

रात्री आत्याचा फोन. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लावतेय रोज, टीव्हीवर नुसतं निळं दिसतं आणि ट्रॅकचा आकडा. सगळं छान म्हणाली, काकूंचा आवाज छान, पेटी छान. मग जरा थांबून, "चार नंबरचा आबा इतका पळत घ्यायचे नाहीत रे."

वही काढली. चार नंबरच्या पानावर, भोकाच्या बरोबर वर : "इथं जरा थांबावे, घाई नको."